माझं आंबट फॉर्मलीन

ज्याची सत्तावीस वर्षं फॉर्मलीनमध्ये गेली, त्याच्या शेजारी पंगतीत कोणी आपणहून बसत नाही. हात कितीही धुवा, वास जात नाही. एका लग्नात नव्या व्याह्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही म्हणे मुडदे सांभाळता?" मी म्हटलं, "नाही हो, जिवंत माणसांचे तुकडे सांभाळतो." त्यांनी हातातली जिलबी ताटात परत ठेवली.

खरं तर मी तेच करत होतो. अमरावतीच्या एका रुग्णालयात मी पॅथॉलॉजीचा तंत्रज्ञ होतो. सर्जननं काढलेली गाठ बाटलीतून माझ्याकडे यायची. बाटलीत फॉर्मलीन, म्हणजे तुकडा नासू नये म्हणून घातलेलं झणझणीत पाणी. मग मी त्या तुकड्यातलं पाणी काढायचो, त्यात मेण मुरवायचो, त्याची वडी पाडायचो आणि त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर चढवायचो. वर गुलाबी-जांभळा रंग. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणार, कॅन्सर आहे की नाही. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी केली, पिंड केले. मी मेणाच्या वड्या केल्या. माझ्या वडीला कावळा शिवत नसे, एवढाच फरक.

माझ्या कापांचा मला गर्व होता आणि तो अजून आहे. पण फॉर्मलीनचं काय ते सांगतो. ते घट्ट येतं कॅनमधून. त्याच्या नऊपट पाणी घालून ते पातळ करायचं आणि ते आंबट होऊ नये म्हणून दोन पांढऱ्या पावडरी तोलून घालायच्या. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या साहेबांनी हे मला पाठ करून घेतलं होतं. पहिले सहा महिने मी इमानानं तोलून घातल्या. मग तराजूचं एक वजन हरवलं. वजन सापडलं तोवर पावडर संपली. पावडर आली तोवर माझ्या लक्षात आलं होतं की पावडरीवाचून कोणाचं काही अडत नाही. काप सुंदर, रंग सुंदर, रिपोर्ट बरोबर. मग कशाला तोलत बसा? अशी बरीच वर्षं गेली.

पुढं आमच्याकडे पॅथॉलॉजीच्या डॉक्टर म्हणून इंगळे मॅडम आल्या. मूळच्या अकोल्याच्या, त्यामुळे उन्हाला आणि माणसाला दोघांनाही न भिणाऱ्या. त्यांना नुसतं 'कॅन्सर आहे' एवढ्यावर समाधान नव्हतं. कुठल्या जीनमध्ये बिघाड होऊन झाला, हे हवं होतं. मला वाटलं, झाला की झाला. आता त्याची जात कशाला विचारायची? त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघा पाठक, वाढायचं कधी आणि थांबायचं कधी, हे प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं. ते लिखाण म्हणजे जीन. त्यात चुका होतात. एका चुकीनं कॅन्सर होत नाही. चुकीवर चूक साचत जाते, कोणी दुरुस्त करत नाही, मग एक दिवस होतो."

हे मला चटकन समजलं. माझी नोकरी तशीच चालली होती.

जीनच्या अभ्यासासाठी त्यांनी दोन अवयव निवडले होते, स्तन आणि मूत्राशय. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या दोन तऱ्हा. एकीत वाढीचं बटण दाबलेलंच अडकून बसतं. अस्तरावर शेवाळासारख्या गाठी येतात, काढल्या की पुन्हा येतात, पण सहसा खोल जात नाहीत. दुसरीत थांबवणारा जीनच मोडलेला असतो. ती ब्रेक नसलेल्या ट्रकसारखी भिंत फोडून पलीकडं जाते. रंगाच्या कामातली काही रसायनं आणि बिडीचा धूर रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात मुक्काम ठोकून हे लिखाण कुरतडत बसतात.

आणि स्तनाचं? "पेशीच्या अंगावर कान असतात असं समजा. 'वाढ' असा हुकूम त्या कानांवर पडतो. कान तयार करणाऱ्या एका जीनच्या पेशीत दोन प्रती असायला हव्यात. काही बायांच्या गाठीत त्याच्या वीस-पंचवीस होतात. मग पेशीला कानच कान. कोणी कुजबुजलं तरी ती वाढत सुटते. पण त्यावर आता औषध निघालंय. ते जाऊन त्या कानांत बोळे घालतं."

"कापसाचे?" मी म्हटलं. "आपल्याकडे काही कमी नाही."

मॅडम हसल्या नाहीत. त्या वर्षांत कापसावरचा विनोद हसण्यासारखा नव्हता. वऱ्हाडातल्या गावांची नावं पेपरात एकाच कारणासाठी येत होती, कोणीतरी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला म्हणून. एसटीत, टपरीवर कोणाचा चेहरा उतरलेला दिसला की अनोळखी माणसंही त्याला एकटं सोडत नसत. हे मी सांगतोय, कारण पुढं याच चांगुलपणात मी सापडणार होतो.

तर, अचलपूरचं एक जोडपं आमच्याकडं येत असे. करीमचाचा आणि जुबेदाआपा. चाचा रंगारी. जन्मभर कापड रंगवलं आणि बिड्या ओढल्या. त्यांना मूत्राशयाचा कॅन्सर होता, त्या पहिल्या, शेवाळी तऱ्हेचा. दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून गाठी काढायच्या, की चाचा पुन्हा टवटवीत. "भाऊ, हे आमचं मेहमान हाये," ते म्हणत. "येते, चहा पिते, जाते. मी तं आता त्याले सलाम करतो."

आपा ब्लाउज शिवायच्या. आतापर्यंत त्या नवऱ्याच्या सोबतीला येत. त्या वर्षी मात्र नंबर त्यांच्या नावाचा होता. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ. परतवाड्याच्या सर्जननं सुईनं नमुना काढून आमच्या बाटलीत पाठवला, आणि मी त्याचे देखणे काप केले. कॅन्सर होता. गाठ मोठी म्हणून आधी औषधं, मग ऑपरेशन असं ठरलं.

ते कानात बोळे घालणारं औषध तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात चाचणीसाठी मोजक्या बायांना मिळत होतं. अट एकच. गाठीत तो जीन वाढलेला आहे असा पुरावा हवा. नावं महिनाअखेर बंद होणार होती. मॅडमनी आपांचं नाव कळवलं आणि मेणाच्या आठ वड्या मुंबईला धाडल्या. चार स्तनाच्या, चार मूत्राशयाच्या. आपांचीही त्यात होती, चाचांचीही.

दहा दिवसांनी उत्तर आलं. आठच्या आठ नापास. तपासणी शक्य नाही. आतल्या जीनचे तुकडे तुकडे झालेत.

मला जो संताप आला म्हणता! मी स्वतः मुंबईला पत्र लिहिलं. 'आमच्या कामाची प्रत विदर्भात सर्वश्रुत असून आपल्या यंत्रात दोष असावा' हे त्यातलं सौम्य वाक्य. मॅडमनी का कोण जाणे, ते जाऊ दिलं. मुंबईहून दोन ओळींचं अतिशय नम्र उत्तर आलं. काप उत्कृष्ट आहेत. आपण फॉर्मलीन कसं तयार करता, हे कृपया कळवावं.

"कसं करता, पाठक?" मॅडमनी विचारलं.

"नेहमीसारखं."

त्यांनी टेबलाच्या खणातून लिटमसचा निळा कागद काढला आणि माझ्या डब्यात बुडवला. नव्या नवरीसारखा लाल झाला.

"आंबट," त्या म्हणाल्या.

"आंबट म्हणजे... किती?"

"लोणचं घालण्याइतकं." मग म्हणाल्या, "भिंती शाबूत ठेवल्या तुम्ही. नक्षीसुद्धा छान दिसत होती. आतली पोथी तेवढी वाळवीला दिली."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपांची गाठ अजून जागेवर होती, म्हणजे पुन्हा सुई टोचून नमुना घेता येणार होता. महिना संपायला नऊ दिवस होते. त्या सकाळी मी दोन्ही पावडरी सोनाराच्या नजरेनं तोलल्या, ताजं फॉर्मलीन केलं, लिटमसनं तीनदा तपासलं आणि बाटली घेऊन स्वतः परतवाड्याला गेलो. आपा तिथं बसल्याच होत्या, शेजारी चाचा.

"परत काहून, भाऊ?" आपांनी विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "मुंबईवाल्यांना आणखी एक पाहिजे."

"लय भुकेले हायेत तुमचे मुंबईवाले," आपा म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडं बघून हसल्या. दोन दिवसांची झोप आणि दाढी, दोन्ही माझी आधीच राहून गेली होती. त्या हसण्यानं तिसऱ्या रात्रीची झोपही गेली.

बाटली घेऊन मी दुपारच्या अमरावती गाडीत बसलो. आता माझा पुढचा पराक्रम. बाटली एकीची घेतली होती, झाकण दुसरीचं. धक्क्याधक्क्यानं ते ढिलं झालं, आणि मे महिन्याच्या त्या भट्टीत पिशवीतून असा वास उठला की माझे डोळे घळघळा वाहू लागले. आता फॉर्मलीन डोळ्यांना लागलं की थांबत नाही. मी बाटली काढून छातीशी धरली, झाकण अंगठ्यानं दाबलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

माझं चित्र डोळ्यांपुढं आणा. दाढी वाढलेला, विटक्या सदऱ्यातला, एकटा माणूस. हातात लेबल नसलेली, उग्र वासाची बाटली. आणि डोळ्यांतून धारा.

शेजारी मजबूत बांध्याची, नऊवारीतली एक बाई होती. नाव कौसाबाई, हे मागून कळलं. तिनं आधी मला पाहिलं, मग बाटलीला. "काहून रडून राहिले, भाऊ?"

"काही नाही," मी म्हटलं आणि बाटली पिशवीखाली सरकवली.

तेवढं पुरलं. तिनं एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्यानं बाटली हिसकली आणि अशी हाक मारली की ड्रायव्हरनंही मान वळवली. "ओ कंडक्टर! या मानसाजवळ पाहा काय हाये!"

कंडक्टरनं वास घेतला आणि मागं सरला. "बापा! काय करून राहिले होते काका तुमी?"

"अहो, तो नमुना आहे! तपासणीचा नमुना!"

"हो, हो," मागून दोघांनी माझे दंड धरले. "समदं ठीक होते. शांत बसा."

"फेकून द्या ते पुलावरून!" कोणीतरी ओरडलं. गाडी आसेगावच्या पुलाकडं चालली होती, पुढं पूर्णा. कौसाबाईनं बाटलीसकट हात खिडकीबाहेर काढला. त्या बाटलीत आपांची दुसरी सुई होती. तिसरी मागायला मी कुठल्या तोंडानं जाणार होतो?

वाचवलं ते एका म्हाताऱ्या गुराख्यानं. "नदीत नोको टाकू वो बाई! ढोरं पानी पेतात तिथं."

"मंग काय सडकेवर टाकू? पोरं उचलतीन!"

"गड्डा खंदून पुरा."

"धावत्या गाडीतून गड्डा कसा खंदू, तुह्या डोक्शानं?"

यावर दोन तट पडले. तोवर एकानं मला कांदा-भाकर दिली. एकानं त्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम देऊ केलं. एका मास्तरांनी जीवन कसं अमूल्य आहे ते सांगायला घेतलं. इतक्या लोकांनी इतक्या मायेनं माझ्याशी त्याआधी कधी बोललेलं मला आठवत नाही. आणि मी मूर्ख, भाकर हातात धरून 'नमुना, नमुना' एवढंच म्हणत होतो, कारण बायाबापड्यांनी भरलेल्या गाडीत 'छाती' हा शब्द उच्चारायचा कसा? भिक्षुकाच्या घरचे संस्कार!

चाकांचा आवाज बदलला, पूल आला. सगळे संस्कार गळून पडले, आणि लॅबमध्ये बोलायची ती शुद्ध भाषाही.

"कोनीच फेकू नोका! एका बाईच्या छातीतली गाठ हाये ते! कॅन्सर हाये तिले! त्याच्यावर तिची दवाई ठरनार हाये!"

कौसाबाईनं हात आत घेतला. बाटली उजेडात धरून बघितली. आत चार बारीक, पांढुरके धागे तरंगत होते.

"ह्या शेवया?"

"हो. सुईनं काढलेल्या."

तिनं बाटली सरळ धरली. "पोरं किती हायेत तिले?"

"तीन."

"तीन पोरायची माय हाये, अन् तुमी असं ढिल्लं झाकन लावता?"

तिनं कंडक्टरच्या तिकिटांच्या गठ्ठ्याचं रबर काढून घेतलं, कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी घेतली, झाकण करकचून आवळलं, वरून पिशवी बांधली आणि बाटली पदराखाली घेऊन बसली. मी हात पुढं केला. "राहू द्या," ती म्हणाली, "तुमच्या हाताचा भरोसा नाई."

तिला आसेगावला उतरायचं होतं. उतरली नाही. थेट आमच्या रुग्णालयापर्यंत आली, बाटली मॅडमच्या हातात दिली आणि मला दाखवून म्हणाली, "या मानसाले फिरून एकल्याले पाठवू नोका, बाई." मॅडमनी गंभीरपणे कबूल केलं.

त्या वडीवर मी जसं काम केलं तसं आधी कधी केलं नव्हतं. ती मुंबईला गेली आणि मुदतीला दोन दिवस राहिले असताना उत्तर आलं. सोबत फोटो होता. काळ्या आभाळात निळसर गोळे, म्हणजे पेशी, आणि त्यांत तो जीन लाल ठिपक्यांनी दाखवलेला. प्रत्येकीत दोन ठिपके असायला हवे होते. इथं मुठीनं कुंकू उधळल्यासारखे पुंजकेच पुंजके. आपांचं नाव यादीत गेलं. वाढलेला जीन म्हणजे आजार जास्त जहाल, हे ठाऊक असूनही आम्ही दोघांनी आनंदानं चहा घेतला. आमचा धंदा असा विचित्र आहे.

निरोप घेऊन अचलपूरला मी गेलो. आपा मशीनवर होत्या, चाचा ओट्यावर. मी सगळं समजावलं, कान, बोळे, मुंबई. आपांनी नेमकं विचारलं, "म्हंजे बिमारी जास्ती हाये का कमी?"

"जास्ती. पण तिच्यावर लागू पडणारं औषध आहे."

"मंग ठीक." त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं.

तिथंच उठलो असतो तर निभावलं असतं. पण मी बोललो. म्हटलं, आपा, दुसरी सुई मुंबईवाल्यांमुळे नव्हे, माझ्यामुळे बसली तुम्हाला. दोन पावडरी घालायच्या होत्या, मी आळशीपणानं कित्येक वर्षं घातल्या नाहीत. पहिला नमुना माझ्या डब्यात नासला.

मशीन थांबलं. मला वाटलं, आता चाचांच्या रंगाच्या पिंपात बुडवतात.

"भाऊ, मी बी एकदा नवरीचं ब्लाउज उलट्या कपड्यावर शिवलं होतं," आपा म्हणाल्या. "जरीकाम आतून, अस्तर भाईर. तिले म्हनलं, नवी फॅशन हाये. ते बिचारी तसंच घालून निकाहले बसली." चाचा खो खो हसायला लागले. आपा हसल्या नाहीत. "मंग उसवलं मी. पन निकाह होऊन गेल्ता."

मग त्यांनी विचारलं, "माह्या आंधीच्या बायायचं काय?"

हा प्रश्न मला मॅडमनीसुद्धा विचारला नव्हता. माझ्या कपाटांत वर्षानुवर्षांच्या वड्या रचलेल्या होत्या. देखण्या, आणि आतून कोऱ्या.

"माह्यावालाबी नासला असन नं?" चाचा मध्येच म्हणाले. "फिकर नोका करू. आमचं मेहमान येनारच हाये फिरून. ताजा देतो!"

रजिस्टर काढून मी आणि मॅडमनी नावं शोधली. कित्येक नावांपुढं शोधायला माणूसच उरलं नव्हतं. पण काही जणींचे उपचार चालू होते, काहींना गाठ परत उमटली होती. मुंबईची यादी बंद झाली, तरी मॅडमनी भांडून पुढच्या यादीत जागा मिळवली होती. फक्त त्या बायांना पुन्हा सुई टोचून घ्यायला कोणीतरी तयार करायचं होतं. मी पहिल्या घरी गेलो, अचलपूरजवळच्या एका खेड्यात. दारातून 'छातीची गाठ' एवढं म्हणालो आणि दार नाकावर बंद झालं. दुसऱ्यांदा गेलो, तर दीर काठी घेऊन आला.

हे ऐकून आपांनी कपाळावर हात मारला. "गडीमानूस असं बोलते का कोनाच्या दारात? चला, मी येतो संग." मुंबईच्या औषधाचे दोन डोस तेव्हा झाले होते. अंगात कसकस होती. तरी जीपमध्ये माझ्या आधी चढून बसल्या.

दार त्या बाईनंच उघडलं. मला बघून लावून घेणार, तेवढ्यात आपांनी पाय आत टाकला. "बाई, हा भाऊ चुकला हाये. त्याच्या चुकीनं मले दोनदा सुई बसली. तुले बी बसन. पन आत ये, तुले दाखवतो किती टोचते ते."

दोघी आत गेल्या. मी उन्हात, दिराच्या देखरेखीखाली उभा. आधी काही ऐकू येईना. मग आपांचा आवाज, मग दुसरा, रडवेला. मग कुठला तरी शब्द, बहुतेक माझ्यावरचाच, आणि दोघींचं हसणं. दिरानं माझ्याकडं बघितलं, मी दिराकडं.

बाई पदर सावरत उंबऱ्यात आली. डोळे ओले होते. दिराला म्हणाली, "यायले पानी द्या, उन्हात उभे हायेत." मग माझ्याकडं वळून, खाली बघत, "कवा यायचं ते सांगा."